पट्टा खराब आहे

हे लिहायला बसलोय तेव्हा एक रिपोर्ट यायचा आहे. माझा नाही. माझे सगळे येऊन गेले, फाईल इतकी जाड झालीय की कपाटात उभी राहत नाही. यायचा आहे तो माझ्या मुलीचा, सईचा. तिला पंधरावं चालू आहे. रक्ताच्या या तपासणीला चार आठवडे तरी लागतात म्हणाले. त्यातला दुसरा चालू आहे.

मी मिलिंद, वय चव्वेचाळीस. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहतो, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. आठ वर्षं माउंटन बायकिंग करत होतो. त्यातलं ‘होतो’ लिहिताना अजून हात अडतो. बक्षीस कधी मिळालं नाही. चाळिशीच्या गटात माझ्या मागे चार-पाच जण असले की मी खूश. पण रविवारी उत्तनच्या डोंगरीला नाहीतर चेन्याला जाऊन चिखलात लोळून आलो नाही, तर सोमवारी माझं तोंड बघवत नसे, असं माझी बायको वैशाली म्हणते.

डॉक्टरी ज्ञान पाजळायला हे लिहीत नाही. ते माझ्याकडे नाही. छातीला पट्टा, मनगटाला घड्याळ बांधून स्वतःच्या शरीराचे आकडे तोंडपाठ ठेवणारे माझ्यासारखे हौशी लोक खूप आहेत. डोळ्यांसमोर आकडे असूनही माणूस कसा आंधळा राहतो, ते त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहितोय.

पट्टा

ठोके मोजणारा पट्टा छातीला घट्ट बांधायचा असतो. त्याची आतली बाजू पाण्याने ओली करायची, म्हणजे तो त्वचेला नीट लागतो. आकडा हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर दिसतो. चढावर माझे ठोके एकशे पासष्ट-सत्तर. वर्षानुवर्षं तेच. त्याचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, सपाट रस्त्यावर आरामात जाताना, स्क्रीनवर दोनशे अकरा आले. पाच-सहा सेकंद. मग पुन्हा एकशे तीस. छातीत काहीतरी फडफडलं. ते आकडा बघण्याआधी फडफडलं की बघितल्यावर, हे मला आजही सांगता येत नाही.

मी जागच्या जागी निदान केलं. पट्टा खराब आहे.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे, मी ती प्रत्येक नव्या मेकॅनिकला पहिल्या दिवशी शिकवतो. शेजारी शेजारी दोन लिफ्ट आहेत आणि त्यातली एक मध्येच अडकतेय, तर तिचं कंट्रोल कार्ड काढून दुसरीत लावायचं. बिघाड कार्डाबरोबर दुसऱ्या लिफ्टमध्ये गेला तर कार्ड खराब. बिघाड जिथल्या तिथे राहिला तर कार्डाला शिव्या देऊ नका, लिफ्टमध्ये शिरा.

मी नवा पट्टा घेतला आणि जुना सईला दिला. ती तेव्हा माझ्याबरोबर नुकतीच डोंगरावर यायला लागली होती. जुना पट्टा तिच्या छातीवर अगदी व्यवस्थित चालला. निदान मला तसंच आठवत होतं. आणि नवाकोरा पट्टा माझ्या छातीवर दुसऱ्याच आठवड्यात दोनशेच्या वर उडाला.

म्हणजे अदलाबदल झाली होती. बिघाड जिथल्या तिथे होता. याचा अर्थ शेंबड्या पोरानेही सांगितला असता. मी म्हणालो, हल्ली मालच चांगला येत नाही.

सायकल जड झाली

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सायकल जड वाटायला लागली. ज्या चढाला मी शिट्टी वाजवत जायचो, त्या चढावर उतरून ढकलावं लागू लागलं.

नया नगरमध्ये इम्तियाजभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, एका शटरचं. माझ्या सायकलचा एकेक नट त्यांच्या ओळखीचा. मी सांगितलं, मागचा ब्रेक घासतोय. त्यांनी ब्रेकची चकती सरळ केली. मग सांगितलं, मागच्या चाकाची बेअरिंग गेलीय. त्यांनी बदलली. मग पेडलच्या मधली बेअरिंग बदलायला लावली. मग हलके टायर. चौथ्या वेळी त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि दोघांसाठी चहा सांगितला. चहा आला, पिऊन झाला. चाक फिरतच होतं.

“देखो मिलिंदभाई,” ते म्हणाले, “साइकिल में कुछ नहीं है.”

“तो फिर भारी क्यों लगती है?”

“सब तो बदल दिया. जो नहीं बदला, अब वो चेक कराओ.” आणि हातातला पाना त्यांनी माझ्या छातीवर टेकवला.

मी हसलो. ते हसले नाहीत. मला राग आला, आणि दोन आठवडे मी त्यांच्या दुकानावरून जाणं टाळलं.

पाचवा राउंड

त्या हिवाळ्यात कामशेतजवळ सहा तासांची रेस होती. सात किलोमीटरचा रानातला राउंड, सहा तासांत जमतील तेवढे मारायचे. सई माझ्या टेबलापाशी केळी आणि मीठ-लिंबाचं पाणी घेऊन उभी होती.

पाचव्या राउंडला उतारावर, पाय थांबलेले असताना, स्क्रीनवर दोनशे चौदा आले. उतारावर. पेडल न मारता. नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या, तशी सायकल बाजूला घेऊन मी एका झाडाखाली बसलो. मागून येणारे दोघं ओरडून विचारून गेले, “ठीक ना?” मी अंगठा दाखवला.

मग मी जर्सीची चेन उघडली, पट्टा सोडला आणि मागच्या खिशात कोंबला. स्क्रीनवर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. त्या रेघा बघून मला इतकं बरं वाटलं की मी अजून दोन राउंड मारले.

“बाबा, तुझे ओठ असे जांभळे काय दिसतायत?” रेस संपल्यावर सईने विचारलं.

“सकाळी बीटचा रस प्यायलो होतो ना.”

तिला ते पटलं. माझं सगळंच तिला पटायचं. हे वाक्य लिहिताना आता भीती वाटते.

उत्तन

पुढे महिन्याभराने एका रविवारी मी एकटाच निघालो. सईची क्लासची टेस्ट होती. डोंगरी उतरून उत्तनच्या कोळीवाड्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. ऊन छान होतं. एवढंच आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते खालून. डोक्यावर बोंबलांच्या रांगा, त्यांच्या फटींतून आभाळ, आणि मध्ये एका बाईचा चेहरा. पन्नाशीची असेल, हाताला मासळीचा ओला वास.

“उठू नको,” ती म्हणाली. “आदी पडून र्‍हा. तुज्या तोंडाव रंग न्हाय.”

“मावशी, सायकल...”

“हाय तितंच. ती कुटं पलाली न्हाय.”

तरी मी कोपरांवर सरकत सायकलपाशी गेलो आणि मागचा गिअर वाकलाय का ते बघितलं. वाकला नव्हता. हायसं वाटलं. बाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होती.

“बायकोला फोन लाव,” ती म्हणाली.

मी इम्तियाजभाईंना लावला. वैशालीने चार प्रश्न विचारले असते आणि मला उत्तरं द्यावी लागली असती. बाईने ओळखलं असावं. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली.

“माजा मानूस पन आसाच. बोटीव पडला, तर सांगला का जाल्यात पाय आडकला.”

“मग?”

“मंग काय. दुसऱ्यांदी पडला तवा सांगाया र्‍हायला न्हाय.”

पदराने तिने माझ्या कपाळाची माती पुसली आणि बोंबील उलटे करायला उठून गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

चालायचं नाही

इम्तियाजभाई कुणाचा तरी टेम्पो घेऊन आले. मागे सायकल, पुढे मी. मीरा रोडच्या हॉस्पिटलच्या दारातून मी माझ्या पायांनी चालत आत गेलो, हे मुद्दाम सांगतो. कारण तिथून पुढे बरेच दिवस मला कुणी चालू दिलं नाही.

ईसीजी काढला. तरुण डॉक्टर होता, त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काढायला सांगितला. मी त्याला मदत म्हणून म्हणालो, “वायर नीट लागली नसेल.” त्याने सगळ्या वायरी तपासल्या. नीट होत्या. मग तो वॉर्डबॉयला हळूच म्हणाला, “इनको चलने मत देना.”

माझ्या आजाराचा दिवस म्हणजे मला हेच वाक्य आठवतं. सहा तास डोंगर चढणारा मी, सायकलचे बूट घालून व्हीलचेअरवर बसलो होतो. बुटांच्या तळव्याचं लोखंड फरशीला लागून खडखडत होतं.

वैशाली आली, तिच्या मागे सई. वैशालीने फक्त एकच विचारलं.

“कधीपासून होतंय हे?”

“आजच,” मी म्हणालो.

इम्तियाजभाईंनी मान खाली घातली. सई म्हणाली, “वर्ष झालं.”

वैशाली माझ्यावर रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पर्समधून माझं आधार कार्ड काढलं आणि काउंटरवर गेली.

आधी पेशंट

अतिदक्षता विभागात नऊ दिवस होतो. सकाळी स्पंजिंग, मग उपमा, मग डॉक्टरांचा राउंड, मग इंजेक्शन, मग काहीच नाही. शेजारच्या खाटेवर एक गुजराती काका होते, ते उशीखाली खाकरे लपवायचे आणि सिस्टरची पाठ वळली की मला अर्धा द्यायचे. बिनमिठाच्या उपम्यानंतर तो अर्धा खाकरा म्हणजे दिवाळी. चौथ्या दिवशी मी तपासणीहून परत आलो तर खाट रिकामी होती. घरी गेले का, असं मी विचारलं नाही. चादर बदलताना खाकऱ्याचे तुकडे खाली सांडले, तेवढे दिसले.

डोक्यावर मॉनिटर. त्यावर माझे ठोके, तोच हिरवा आकडा, जो मी वर्षानुवर्षं हँडलवर बघितला. फरक एवढाच की इथे पट्टा काढून खिशात घालता येत नव्हता.

एकदा मॉनिटर किंचाळायला लागला. सिस्टर धावत आली. मशीनकडे न बघता तिने आधी माझा खांदा हलवला, “काका, ऐकू येतंय ना?” असं विचारलं, मनगट धरलं, आणि मग छातीवरची निघालेली वायर पुन्हा चिकटवली.

“वायरच निघाली होती,” मी म्हणालो. “आधी ती बघायची ना.”

“आधी पेशंट बघायचा, मग वायर,” ती म्हणाली. “ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात.”

बावीस-तेवीस वर्षांची असेल. ती गेल्यावर मी तोंडावर चादर ओढून घेतली.

बाबा

आजाराचं नाव लांबलचक आहे. तुम्ही इंटरनेटवर शोधत बसू नये म्हणून लिहीत नाही. मोठ्या डॉक्टर मॅडमनी कागदावर हृदय काढून दाखवलं. उजव्या कप्प्याच्या भिंतीतला स्नायू हळूहळू झिजतो, त्या जागी चरबी आणि व्रण येतात, आणि तिथून ठोक्यांची वायरिंग बिघडते. हे रक्तातून येतं. बापाकडून, नाहीतर आईकडून.

“व्यायाम खूप होता का?” त्यांनी विचारलं.

मी उत्साहाने सांगायला लागलो. आठवड्याचे किलोमीटर, चढ, सहा तासांच्या रेस. त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हा आजार अशा मेहनतीने वाढतो. तुम्ही जितकं चालवलंत, तितका तो पुढे सरकला.”

आठ वर्षं मी जे औषध म्हणून घेत होतो, ते हे होतं.

“वडील आहेत?”

माझे वडील गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. मी नऊ वर्षांचा असताना ते सरावाच्या मैदानात पडले ते उठलेच नाहीत. एक्केचाळीस वर्षांचे होते. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगतात, गडी मैदानात गेला म्हणून. मीही सईला तशीच सांगितली होती.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “मुलं किती?”

वैशाली माझ्या शेजारी बसली होती. तिची बांगडी टेबलाच्या कडेवर वाजत होती, ती थांबली.

पोहे

माझ्या डाव्या खांद्याखाली आता एक यंत्र आहे, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. ठोके बेफाम झाले की ते आतून झटका देऊन जागेवर आणतं. घरी आल्यावर तीन आठवडे ते गप्प होतं. मी त्याला विसरायला लागलो होतो.

एका सकाळी पोहे खात होतो. सई समोर बसून शेंगदाणे वेचून खात होती. डोकं हलकं झालं आणि पुढच्या क्षणी कुणीतरी छातीच्या आतून दार लाथेने उघडलं. बशी कुठे गेली कळलं नाही. मी खाली होतो, शुद्धीत, आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी स्वतःचा म्हणून ओळखला नाही.

यंत्राने काम केलं होतं. मॅडम फोनवर म्हणाल्या, नसतं तर आज गेला असता. ती आनंदाची बातमी होती आणि आम्ही तिघं ती भूत बघितल्यासारखे ऐकत होतो. सईने फरशीवरचे पोहे गोळा केले. एकेक शीत, टेबलाच्या पायामागचंसुद्धा. त्या दिवसापासून ती गप्प झाली. मला वाटलं, घाबरली असेल.

नको ते कळायला

सईचा ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली. सगळं चांगलं. मॅडम म्हणाल्या, या वयात चांगलं दिसणारच, आजार पुढे कधीतरी डोकं वर काढतो. रक्तावरून कळेल, तिच्यात तो आहे की नाही. तोपर्यंत रेस नाही, डोंगर नाही.

वैशालीने सईचं रक्त द्यायला नकार दिला.

“दहावीचं वर्ष आहे तिचं. कळून काय करणार आहोत? औषध आहे का त्याच्यावर? नाही ना? मग नको ते कळायला.”

“यंत्र आहे.”

“पंधराव्या वर्षी माझ्या मुलीच्या छातीत यंत्र घालणार तू?”

आमच्या घरी भांडण असं झालंच नाही. फक्त टीव्हीचा आवाज थोडा वाढला. सईची सायकल बाल्कनीत हुकाला टांगली, तिच्यावर जुनी चादर टाकली. कपडे वाळत घालताना वैशाली त्या चादरीला हात लागू देत नसे.

आता खरं सांगतो. तिने नकार दिला याचा मला आनंद झाला होता. नातेवाइकांसमोर मी म्हणायचो, काय करणार, हिचं ऐकावं लागतं. पण तिच्या नकाराच्या आड मी लपलो होतो. बापाने दिलेली सायकल, बापाने लावलेलं वेड, आणि त्याच्या खाली बापाने दिलेलं ते दुसरं काहीतरी. ते कागदावर छापून आलं असतं तर मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघणार होतो?

असे पाच महिने गेले.

खोका

शेवटी मी सायकल विकायला काढली. इम्तियाजभाईंनी गिऱ्हाईक आणलं, वसईचा एक माणूस. सायकलबरोबर सगळं सामान देऊन टाकायचं ठरवलं. रविवारी दुपारी हॉलमध्ये खोका घेऊन बसलो. पंप, जादा टायर, हेल्मेट, हातमोजे. दोन्ही पट्टे टाकले.

सई सोफ्यावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

“तो जुना पट्टा नको देऊस, बाबा. खराब आहे तो.”

मला हसू आलं. “अगं, तोच तर चांगला होता. बाबा खराब होता.”

“नाही. खराबच आहे. मलापण उडाला होता.”

“कधी?”

“चेन्याला. तू पुढे होतास. मी ओरडून सांगितलं होतं, दोनशे सात दाखवतंय. तू म्हणालास, पट्टा खराब आहे, लक्ष देऊ नकोस, पेडल मार.”

आणि मला आठवलं. मातीचा चढ, माझ्यामागे तिचा श्वास. मी मागे वळूनही बघितलं नव्हतं.

“तेव्हा कसं वाटत होतं तुला?”

तिने पुस्तकाचं पान मुडपलं, सरळ केलं. “फडफडल्यासारखं. थोडंसंच.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू म्हणालास ना पट्टा खराब आहे.” मग अगदी बारीक आवाजात, “आणि खराब नसता, तर?”

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. वैशाली दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

वीस मिनिटं

फोनमध्ये सईच्या सगळ्या राइड्स साठवलेल्या असतात. चेन्याची सापडली. निळी रेघ चढाबरोबर वर जाते, मग एकदम उभी कड्यासारखी, दोनशे सात, चाळीस सेकंद, आणि पुन्हा खाली. माझ्या आलेखांवर ही कडा मी कितीतरी वेळा बघितली होती.

आता एकच आशा उरली होती. पट्टा खरंच खराब असेल तर. ओला नीट झाला नसेल, आतली तार सैल असेल, तर तो कुणालाही उडेल. मला बांधून काही कळलं नसतं, सईला बांधायचा प्रश्नच नव्हता. अदलाबदलीला तिसरी लिफ्ट हवी होती.

“दे इकडे,” वैशाली म्हणाली.

आयुष्यात तिने सायकलला हात लावला नव्हता. ती आत गेली, नळाखाली पट्टा ओला केला, कुर्त्याच्या आतून बांधून आली. बिल्डिंग सात मजली आहे. मी तिच्या हातात फोन दिला आणि ती जिना चढायला लागली. सातव्यापर्यंत वर, तळमजल्यापर्यंत खाली, पुन्हा वर. आमच्या दारावरून जाताना तिचा श्वास ऐकू यायचा. समोरच्या शहाबेननी दार उघडून विचारलं, “क्या हुआ, लिफ्ट बंद है क्या?” वैशाली म्हणाली, “नहीं भाभी, वजन कम कर रही हूँ.” आणि चढत राहिली.

मी आणि सई सोफ्यावर बसून होतो. वीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो वेळा देवाकडे मागितलं असेल, पार्ट चांगला निघू दे, गिऱ्हाइकासमोर लाज राख. त्या वीस मिनिटांत मी उलटं मागत होतो. एकदा उडू दे. फक्त एकदा. दोनशे, अडीचशे, काहीही दाखव. खराब निघ.

वैशाली घामाने भिजून आत आली. फोन तिने स्वतः बघितला नव्हता. पालथा धरून आणला आणि माझ्या हातात दिला.

रेघ चढत गेली होती, उतरली होती, पुन्हा चढली होती. मी बोटांनी ती मोठी करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. मग पुन्हा बघितली. उभी कडा कुठेच नव्हती. वीस मिनिटांनी काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. सुकलेला पट्टा कधीकधी उगाचच उडतो. पण याहून कमी पुराव्यावर मी आजवर लिफ्ट बंद ठेवायला लावल्या आहेत.

वैशालीने कुर्त्याच्या आतून पट्टा सोडला. तो मुठीत धरून ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “उद्या रक्त देऊ.” तिने मला काही विचारलंच नाही.

विचारलं ते सईने.

“बाबा, खराब आहे ना?”

दोन वर्षं मी तिला तेच सांगत आलो होतो. अजून एकदा सांगितलं असतं तरी तिला पटलं असतं.

“नाही बाळा,” मी म्हणालो. “पट्टा चांगला आहे.”